मायच्या पायाखालचं पेडल

ऑर्गन आमच्या घरी आला तो हातठेल्यावर उताणा पडून, अंगावर बाबांचं जुनं धोतर पांघरून. पुढून बाबा ओढत होते, मागून नायडूकाका ढकलत होते आणि सुपेल्यापासून घरापर्यंत येता येता दोघांच्या बनियनी घामाने पाठीला चिकटल्या होत्या. शेजारच्या शेंडेकाकू फाटकात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "काहो भाऊजी, कोनाची मयत आनली?" बाबा हसले. "मयत नाई वहिनी, बाजा हाय. साहेबलोकांचा बाजा." माय उंबऱ्यात आली. तिने धोतराचं टोक उचलून खाली पाहिलं. पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांच्या दोन ओळी होत्या, मधल्या कितीतरी पट्ट्या पडलेल्या. माय बाबांना म्हणाली, "घरात तीन मानसाले पाय लांब करता येत नाई, अन् हे कोठी ठेवता?" बाबा म्हणाले, "मांगच्या ओट्यावर." माय म्हणाली, "तिथं माहा जवसाचा डबा हाय." पण तोवर ठेला फाटकातून आत आला होता.

तो बाजा सुपेल्याच्या एका भंगारवाल्याकडे कितीतरी महिने उन्हापावसात पडला होता. पूर्वी परदेशी साहेब इथे राहत. त्यांच्यापैकी कोणीतरी तो आणला, जाताना इथेच सोडला, मग जिथे तो ठेवला होता ती जागा बंद झाली, अशी काहीतरी त्याची कथा होती. बाबांना कथेशी घेणं नव्हतं. त्यांना आतलं सामान हवं होतं.

माझं वय तेव्हा चौदा-पंधरा असेल. आता मी मुलाकडे खुर्सीपारला राहते. दुपारी सून आडवी झाली की थोडं लिहिते. एक पान झालं की मान भरून येते, मग वही मिटून पडून राहते. कितीदा वाटतं, कशाला उकरायचं हे सगळं. माय गेली, बाबा गेले, नायडूकाकाही आपल्या गावी परतून तिथेच वारले म्हणतात. पण मला एकटीला माहीत असलेली एक गोष्ट आहे आणि ती अंगावर घेऊन निजायचा आता कंटाळा आला आहे.

आमचा क्वार्टर म्हणजे दीड खोली, पुढे फाटक, मागे ओटा आणि ओट्यावर पत्र्याची पडवी. बाबा पोलादाच्या प्लांटमध्ये, रूळ करणाऱ्या रेलच्या मिलमध्ये होते. दिवस भोंग्यावर चालायचा. पहाटेच्या भोंग्याआधी माय चूल पेटवायची, दुपारच्या भोंग्याला मी तांदूळ धुवायची. आमचं गाव भंडाऱ्याकडचं, त्यामुळे घरात भात दोन्ही वेळा आणि लाखोळीची डाळ बहुतेक रोज. उन्हाळ्यात रात्रीच्या भातात पाणी घालून सकाळी कांद्यासोबत खायचं, ते आम्ही इथल्या छत्तीसगढी बायांकडून शिकलो. त्या त्याला बासी म्हणत. बाबा पहिल्या पाळीवरून येत, नळाखाली डोकं धरत, बासी खात आणि सरळ ओट्यावर जात. प्लांटचा आवाज त्यांच्या कानात इतका बसलेला असायचा की पहिला अर्धा तास ते ओरडूनच बोलायचे. मग हळूहळू आवाज खाली यायचा. तो खाली आला की मायला कळायचं, आता घरी आले.

रेडिओ उघडणं, जोडणं, जुन्या ग्रामोफोनचा भोंगा दुसऱ्याच कशाला लावणं, हा बाबांचा नाद. नायडूकाका प्लांटमध्येच इलेक्ट्रिशियन होते, दोन गल्ल्या सोडून राहत. त्यांना खरं ज्ञान होतं आणि बाबांना खरी हौस. दोघांचं मिळून एक माणूस व्हायचं. नायडूकाका तेलुगू, आमच्याशी हिंदीत बोलायचे आणि मोठ्यांशी बोलताना वाक्याला 'जी' लावायचे, शिवी दिली तरी.

ऑर्गन उघडला तेव्हा पडवीत मावेना इतकं सामान निघालं. प्रत्येक पट्टीखाली केसासारख्या बारीक तारा. आवाज तयार करणाऱ्या पाट्या, त्यांच्यावर रंगीत पट्ट्यांचे बारके मणी. जड ट्रान्सफॉर्मर. ताटाएवढा स्पीकर. बाबांनी आधी एक पाटी सोडवून घेतली आणि तिची दारावरची घंटी केली. बटण दाबलं की 'पों' असा एक सूर निघायचा आणि बटण सोडेपर्यंत चालूच राहायचा. गल्लीतल्या पोट्ट्यांनी दोन दिवसांत आम्हाला वेडं केलं. शेवटी माय बाहेर जाऊन म्हणाली, "पुन्हा कोनी बोट लावलं तं चिमट्यानं चटका देईन." मग बाबांनी एक कंडेन्सर बदलून सूर इतका खाली उतरवला की तो म्हशीच्या हंबरण्यासारखा यायला लागला, आणि पोरांचा रस संपला.

त्या सामानात एक पत्र्याची लांबट डबी होती. आत तीन बारीक स्प्रिंगा ताणून बसवलेल्या. नायडूकाकांनी समजावलं की एका टोकाकडून आवाज स्प्रिंगांत जातो, त्यांच्यातून घुमत घुमत दुसऱ्या टोकाला निघतो, म्हणून ऑर्गन मोठ्या देवळात वाजल्यासारखा वाटतो. बाबांनी ती डबी ऑर्गनच्याच अॅम्प्लिफायरला जोडली. त्यांच्या हाताचा धक्का लागला आणि स्पीकरमधून ढग फुटावा तसा गडगडाट झाला. शेंडेकाकूंनी भिंतीपलीकडून विचारलं, "छत पडलं का हो?" डबीला जरा धक्का लागला तरी हे व्हायचं. मायने जुन्या गोधडीचा तुकडा फाडून दिला, त्याच्यावर डबी ठेवली, तेव्हा ती शांत झाली. बाबा मायला म्हणाले, "पाह्य, नायडूले नाई सुचलं ते तुले सुचलं." माय म्हणाली, "लेकरू निजवाची अक्कल लागते त्याले."

मी त्या पडवीत कशी गेले ते सांगते. मी चौथीनंतर शाळेत गेले नाही. मायला दम्याने धरलं होतं, चुलीपुढे ती अर्धा तास बसू शकत नसे, म्हणून घर माझ्याकडे आलं. मी बोलायची कमी. पाहुणे आले की स्वयंपाकघरात दाराआड उभी राहायची, चहा बाबा बाहेर नेत. पण बाबांच्या बोटांचं कातडं मिलमध्ये काम करून इतकं जाड झालं होतं की बारीक तार त्यांना हाताला लागतच नसे. एकदा भात गाळून मी बाहेर आले तेव्हा ते एक टाका लावायला चौथ्यांदा झटत होते. तारेच्या जोडावर कथील वितळवून जो थेंब बसवतात त्याला टाका म्हणतात. मी न बोलता चिमटा घेतला आणि तार धरली. पुढच्या वेळी त्यांनी तापलेली कांडीच माझ्या हातात दिली. "तू लाव. तुहे बोटं तुह्या मायसारखे हाय." कथील धरावं म्हणून जोडावर आधी राळ लावायची, मग कथील, मग श्वास रोखून थांबायचं. थेंब एकदम चमकून पसरतो आणि क्षणात मंद होतो. तो मंद होताना हात हलला तर टाका वाया. मी आयुष्यात पुष्कळ कामं केली, भांडी, शिवण, दुसऱ्यांच्या घरचे पापड, पण ज्या कामात मी स्वतःला विसरले असं ते एकच.

आता मायच्या आवाजाकडे येते. माय आमच्या सेक्टरच्या महिला मंडळात नवरात्रात देवीचं गाणं म्हणायची. पाच कडव्यांचं, तिच्या माहेरचं. पाचव्या कडव्यात सूर वर चढायचा आणि बाया टाळ थांबवून ऐकायच्या. दम्याने तो आवाज हळूहळू बारीक झाला. सूर चुकत नसे, पण आवाज पहिल्या दोन रांगांपलीकडे पोहोचत नसे. मंडळाच्या मुख्य शेंडेकाकूच होत्या. त्या वर्षी उन्हाळ्यातच त्या आमच्याकडे आल्या, बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, यंदा तुमी टाळ धरा. गानं पोरींना म्हनू द्या. मांगच्या बायांले आयकूच येत नाई, त्या चुळबूळ करतात. तुमाले तरास कायले?" त्या वाईट नव्हत्या. त्यांनी ते दयेनेच म्हटलं. माय म्हणाली, "हो, टाळ धरीन न." त्या गेल्यावर ती खूप वेळ तांदूळ निवडत राहिली. ते तांदूळ आदल्या दिवशीच निवडलेले होते.

बाबा ओट्यावर होते, त्यांनी ऐकलं. चार दिवसांनी ते ऑर्गनचं पायाचं पेडल घेऊन आत आले. लोखंडाचं, वर रबर लावलेलं, पावलाएवढं. ऑर्गन वाजवणारा पायाने ते पुढे दाबतो तसा आवाज मोठा होतो, सोडलं की लहान. बाबा म्हणाले, "आयकते का? मी तुह्यासाठी पेटी करून देतो. माईक, हा अॅम्प्लिफायर, अन् स्प्रिंगची डबी. डबीनं आवाज भरीव येईन. अन् श्वास कमी पडला का पायानं हे दाबाचं. मांगच्या रांगेलेही समजनार नाई." माय म्हणाली, "मले का सर्कशीत नाचवता?" पण बोलता बोलता तिने पाऊल पेडलवर ठेवून पाहिलं.

पहिल्या दिवशी मोठी गंमत झाली. माय शिलाई मशीन चालवणारी, पायाखाली काही आलं की तिचा पाय आपोआप पुढे-मागे व्हायचा. ती गायला लागली आणि पाय झुलायला लागला, तसा आवाज मोठा-लहान मोठा-लहान होऊन सगळं गाणं हेलकावे खाऊ लागलं. नायडूकाका पोट धरून हसले. "बहनजी, कपड़ा नहीं सिलना है जी!" माय तोंडाला पदर लावून हसली, हसता हसता खोकली, आणि खोकलाही त्या डबीतून मोठा होऊन साऱ्या गल्लीत गेला. मग मी तिच्या पायाशी बसून तिच्या घोट्यावर हात ठेवायची आणि कुठे हळू दाबायचं ते हातानेच सांगायची. तिला दम्यामुळे खाली मांडी घालून गाता येत नसे, खुर्ची लागायची. लुगड्याच्या निऱ्यांत पेडल झाकलं जायचं. शेंडेकाकूंना बोलावून बाबांनी ऐकवलं. काकू भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "असं असन तं शुक्रवारचं गानं तुमचंच. पन मधी बंद पडलं तं मंग मी पोरींले उभं करीन, राग नोका मानू." नवरात्रातल्या शुक्रवारी दुपारी मंडळाच्या हॉलमध्ये मुख्य गाणं असायचं. माय त्या दिवसापासून रोज पाच कडवी पूर्ण म्हणू लागली.

पेटी खरी बांधायची राहिली होती. आतापर्यंत सगळं तारा गुंडाळून तात्पुरतं चालवलं होतं. ऑर्गनच्याच लाकडाची पेटी झाली, ट्रान्सफॉर्मर एका कोपऱ्यात, डबी त्याच्यापासून दूर दुसऱ्या कोपऱ्यात, नाहीतर घुंघुं येतं. टाके लावायचे माझ्याकडे होते. आषाढ लागला होता आणि बाबांना मिलमध्ये रोज जास्तीची पाळी पडत होती. नायडूकाकांनी आणून दिलेली राळ अर्ध्या कामात संपली. मला बाहेर जाऊन मागायची लाज. दोन गल्ल्या जाऊन नायडूकाकांच्या दारात उभं राहायचं आणि तोंडाने मागायचं, यापेक्षा मला चूल फुंकणं सोपं वाटायचं. मग मला कल्हईवाला आठवला.

तो वर्षातून एकदा आमच्या गल्लीत यायचा. झाडाखाली भट्टी करायचा, भाता मारायचा, भांडं लाल झालं की त्यात नवसागर टाकायचा. पांढरा धूर उठायचा, मग कथील आणि कापसाचा बोळा, आणि भांडं आतून चांदीसारखं. मी लहानपणापासून त्याच्यापुढे बसून पाहिलेलं होतं. त्याच्याकडून घेतलेला नवसागराचा एक खडा माळ्यावरच्या डब्यात होता. कथील तेच, चिकटवायचं काम तेच, असा मी विचार केला. खडा कुटून पाण्यात कालवला, काडीने जोडावर लावला. नाकात झोंबलं, पण कथील असं धावलं की राळेने कधी धावलं नव्हतं. एकेक टाका लखलखीत. उरलेले सगळे, चाळीसच्या वर असतील, मी तीन दुपारी बसून तसेच लावले. बाबा पाळीवरून आले, पेटी डोळ्यांजवळ धरून पाहिली आणि म्हणाले, "अशे टाके नायडूच्याही बापाले येनार नाई." मी चुलीकडे गेले. कोणी माझ्या कामाला नावाजलं असं फार वेळा झालेलं नाही. मी सांगितलं नाही, ते भीतीने नाही. ते कौतुक अजून थोडं राहू द्यावं असं वाटलं, एवढंच.

पेटी छान बोलली. गोधडीत गुंडाळून बाबांनी ती पलंगाखाली ठेवली. मग सारा पावसाळा गेला. भिंतींना ओल, मिठाला पाणी, उशीलाही वास.

नवरात्राच्या पहिल्या माळेला पेटी काढली. माय खुर्चीवर बसली, तिने पाय ठेवला, पहिलं कडवं सुरू केलं. दोन ओळी आल्या, मग कढईत मोहरी पडावी तशी तडतड, मग काहीच नाही. बाबांनी मागची फळी उघडली. माझे लखलखीत टाके हिरवे झाले होते. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवल्यावर धरतो तसा कळंक. एक तार बाबांच्या बोटाने नुसती हलली आणि तुटून खाली पडली.

नायडूकाका तिथेच होते. बाबा त्यांच्याकडे वळले. पाळीवरून नुकतेच आले होते, त्यांचा आवाज अजून प्लांटचाच होता. "ये कैसी राल लाके दी तुमने? मिलावट का माल! पोरीनं तीन दिवस डोळे फोडले. सस्ते में घर का काम होता है क्या?"

"मैंने अच्छी दुकान से लाया जी. मेरे घर में भी वही है."

"तो फिर ये क्या है? देखो! मेरी औरत का गाना है शुक्रवार को, मजाक समझा क्या?"

नायडूकाकांनी हातातला पेचकस खाली ठेवला, अगदी हळू. "तुम्हारी औरत मेरी बहन नहीं है क्या? पंद्रह साल का यही हिसाब?" आणि चप्पल घालून निघाले. मी दारात होते, हातात त्यांचाच चहा. ते माझ्या अंगावरूनच गेले. एक वाक्य बोलायचं होतं. ते माझ्या तोंडात होतं, जिभेवर त्याची चव होती, नवसागरासारखीच. मी बोलले नाही. चहा आत नेऊन मोरीत ओतला.

मायने एवढंच म्हटलं, "राहू द्या. मी टाळ धरीन."

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी पेटी उघडीच पडून राहिली. माय गाणं म्हणेनाशी झाली. मी भाकर थापली तर करपली. आता या वयात लोक मला म्हणतात, आजी फार सोशिक, कधी उलटून बोलत नाही. त्यांना काय सांगावं. गप्प बसणं हा गुण आहे असं मला कधी वाटलं नाही. गप्प बसून दुसऱ्याला मार खाऊ देता येतो, हे मी तेव्हाच पाहिलं.

तिसऱ्या माळेला बाबा पाळीवर गेल्यावर मी उरलेला खडा चिंधीत बांधला आणि एकटी निघाले. दोन गल्ल्या. नायडूकाका रात्रपाळी करून आले होते, पायरीवर दात घासत होते. मी चिंधी उघडून पुढे धरली. त्यांनी खडा नाकाशी नेला, जिभेला लावला, थुंकले. माझ्याकडे पाहिलं आणि हसायला लागले, पण ते हसणं पेडलच्या दिवसासारखं नव्हतं. "अरे बेटा. ये तो बर्तन वाला है. ये हवा का पानी पीता है और तांबे को खाता है. बाप की पेटी को बर्तन समझा क्या?" मी रडायला लागले. ते म्हणाले, "रोना नहीं. सब टाँके निकालने पड़ेंगे, स्पिरिट से धोने पड़ेंगे. दो दिन का काम है. मैं कर दूँगा. लेकिन ऐसे नहीं आऊँगा. तुम्हारा बाप बुलाएगा तब आऊँगा."

म्हणजे बाबांना सांगणं आलंच. ते जेवायला बसले तेव्हा मी डाळ वाढता वाढता म्हणाले, "बाबा, राळ चांगली होती. संपली होती. मी नवसागर लावला." त्यांचा घास हातात थांबला. "काय लावलं?" "नवसागर. कल्हईवाल्याचा." मला वाटलं, ताट फेकतील. त्यांनी घास ताटात परत ठेवला. "मंग दोन दिवस तोंड शिवलं होतं का?" मी पळी भांड्यात ठेवली. "तो मानूस माह्या दारातून गेला, तू पाहून राहिली होती न?" "हो." ते ताटावरून उठले. आमच्या घरी भरल्या ताटावरून उठलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. हात धुतले, सायकल काढली. मायने विचारलं, "कोठी चालले?" तोवर ते फाटकाबाहेर होते.

पुढचं नायडूकाकूंनी सांगितलं. बाबा त्यांच्या फाटकात गेले, आत गेले नाहीत, खाली उतरले नाहीत. सायकलची घंटी वाजवली. नायडूकाका बाहेर आले. बाबा म्हणाले, "चलो." तेवढंच. माफी नाही, काही नाही. नायडूकाका सदरा घालून कॅरिअरवर बसले.

दोघं आले, पण एकमेकांशी बोलेनात. मधे मी. नायडूकाका म्हणायचे, "बेटा, अपने बाप को बोलो पंखा बंद करे, कांडी ठंडी होती है." बाबा तीन हातांवर बसलेले. ते म्हणायचे, "कुसुम, त्यायले सांग, पंखा तुह्या मायसाठी हाय." मी, जी स्वतःचं एक वाक्य वेळेवर बोलू शकले नव्हते, ती दोन दिवस दोघांची वाक्यं इकडून तिकडे पोहोचवत होते. टाके सगळे मीच काढले आणि मीच लावले. नायडूकाका प्रत्येक टाक्यावर भिंग धरून पाहायचे. डबीच्या टोकाची एक केसासारखी तार खाल्ली गेली होती, ती जोडताना हात हलू नये म्हणून मायने मागून माझं कोपर धरून ठेवलं. गुरुवारी संध्याकाळी पेटी बोलली. नायडूकाकांनी आवाजाच्या बटणाशी पेन्सिलने एक रेघ मारली. "इसके आगे नहीं, बेटा. आगे गया तो सीटी मारेगा, पूरा हॉल कान पकड़ेगा."

ते माझ्याशी बोलत होते, कारण शुक्रवारी दुपारी हॉलमध्ये पुरुषांना जागा नव्हती. पेटी मलाच सांभाळायची होती. बाबा आणि नायडूकाकांनी ती सायकलवरून आणून दारात ठेवली आणि बाहेर सायकल स्टँडवर जाऊन उभे राहिले. आत बाया भरल्या होत्या, फुलांचा आणि तेलाचा वास, मागच्या भिंतीपर्यंत सतरंज्या. सगळ्या खाली आणि माय एकटी खुर्चीवर, म्हणून तिची मान खाली गेली होती. मी तिच्या पायाशी बसले, पेटीला टेकून. इतक्या बायांसमोर बसायची ती माझी पहिली वेळ. शेंडेकाकूंनी टाळ वाजवायची खूण केली.

पहिल्या कडव्याला मायचं पाऊल पेडलच्या वरच्या टोकाला होतं, नुसतं टेकलेलं. आवाज भरून निघाला, मागच्या रांगेतल्या बाया बोलायच्या थांबल्या. दुसऱ्याला पाऊल थोडं उतरलं. हॉलमध्ये आवाज तसाच. तिसऱ्याला आणखी. बाया डोलत होत्या, कोणी हळद-कुंकवाची ताटली बाजूला ठेवली. वर गाणं एकसारखं चाललं होतं, पण मी वर पाहत नव्हते, मी तिचा पाय पाहत होते. घरी तिसऱ्या कडव्याला पाऊल जिथे असायचं त्याच्या कितीतरी खाली ते गेलं होतं. पावसाळ्याच्या आधी आणि आता, यात तिचा किती श्वास गेला होता ते माझ्यासमोर पट्टीने मोजल्यासारखं दिसत होतं. चौथं कडवं संपता संपता पेडल तळाला टेकलं. रबर दबून चपटं झालं, तिच्या पायाच्या शिरा वर आल्या, आणि पाचवं कडवं, जिथे सूर वर चढतो, ते अजून पूर्ण राहिलं होतं.

मायने टाळाच्या वाजण्यात खाली माझ्याकडे पाहिलं. मला कोणी काही सांगणारं नव्हतं. मी पेन्सिलच्या रेघेवरून बटण पुढे नेलं, तांदळाच्या दाण्याएवढं. पेटीच्या आत अगदी बारीक शीळ सुरू झाली, फक्त मला ऐकू येईल इतकी. मी बटणावरून बोट काढलं नाही. मायने पाचवं कडवं उचललं आणि तो सूर वर गेला, मागच्या भिंतीपर्यंत गेला, बायांनी टाळ थांबवले. शेवटच्या अक्षरावर मी बटण मागे ओढलं.

शेंडेकाकूंनी येऊन मायच्या कपाळाला कुंकू लावलं. त्या म्हणाल्या, "वहिनी, आवाज तं पयल्यापेक्षा मोठा झाला हो तुमचा!" मायने मान हलवली, तिला बोलायला श्वास नव्हता. पाणी पिऊन ती खुर्चीवरच बसून राहिली आणि बाया एकेक येऊन तिच्या पाया पडू लागल्या, तेव्हा मी पेटी गोधडीत बांधून बाहेर आणली.

बाबा दारापासून दूर उन्हात उभे होते. भिंतीआडून त्यांनी गाणं ऐकलं होतं, तरी विचारलं, "मांगपर्यंत आवाज आला?"

"आला."

त्यांनी माझ्या हातून पेटी घेतली. नायडूकाका दोरी सोडवत होते. बाबा खालच्या आवाजात, नायडूकाकांना ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "पाचव्याले पेडल कोठवर दाबावं लागलं?"

"अर्धं," मी म्हणाले.